आधी चित्र, मग कवच

मॅट लॅमिनेशन केलेल्या मुखपृष्ठावर शीर्षकाची अक्षरं तेवढी चकाकत असतात. पुस्तक जरा तिरपं धरलं की ती उठून दिसतात, बोट फिरवलं की कडा जाणवते. छपाईच्या धंद्यात याला ‘स्पॉट यूव्ही’ म्हणतात. लग्नपत्रिकेपासून औषधाच्या खोक्यापर्यंत तो सगळीकडे मारला जातो. यंत्रावर लावताना हा थर म्हणजे दाटसर, पारदर्शक द्रव असतो. कागद पट्ट्यावरून सरकत एका झाकलेल्या दिव्याखालून जातो आणि पलीकडे पडतो तो कोमट, कोरडा. लगेच त्यावर दुसरा कागद ठेवला तरी चिकटत नाही. हे सगळं सेकंदाच्या एका अंशात होतं.

या थराचा वंश शोधत मागे गेलं की रंगाच्या कारखान्यापाशी थांबता येत नाही. वाट त्याच्याही मागे, फ्रान्समधल्या एका खेड्यात, सूर्याकडून चित्र काढून घ्यायच्या धडपडीपाशी जाते. उजेडाने मऊ थर कडक करायची विद्या सुमारे एकशे चाळीस वर्षं चित्रं उमटवण्यासाठीच वापरली गेली. तिचं कवच करायचं फार उशिरा सुचलं. मला या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच, कारण तो असा वाचला की एरवी एकमेकांशी संबंध नसलेल्या बऱ्याच वस्तू एका घराण्यातल्या निघतात.

मुळात लावलेला थर कडक होतो तो कसा? सुतार चपड्याचं पॉलिश करतो तेव्हा स्पिरिट उडून जातं आणि चपडा लाकडावर उरतो. पुन्हा स्पिरिट लागलं की तो पुन्हा विरघळतो. कातारी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो तेव्हा घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि निवली की घट्ट होते. तापवली की परत मऊ. जवसाच्या तेलाचं मात्र वेगळं आहे. त्यातून काही उडून जात नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन घेतं, वजनाने थोडं वाढतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतत जातात. एकदा वाळलेलं जवसाचं तेल पुन्हा टर्पेंटाइनमध्ये पहिल्यासारखं विरघळत नाही. युरोपातल्या चित्रकारांची सगळी तैलचित्रं या गुणावर उभी आहेत, आणि उजेडात हे काम लवकर होतं हेही त्यांना ठाऊक होतं. अतिनील (यूव्ही) किरणांनी घट्ट होणारा थर याच घराण्यातला. फरक वेगाचा आहे: जवसाला दिवस लागतात, याला निमिषही पुरतं.

फ्रान्समधल्या शालों गावाजवळ सँ-लू-द-वारेन नावाचं खेडं आहे. तिथे निसेफोर निएप्स हा जमीनजुमला असलेला, यंत्रांत रमणारा गृहस्थ १८२० च्या दशकात एका डांबराशी खटपट करत होता. शिळाछापाची तेव्हा नवी हवा होती, पण निएप्सचा हात चित्रकलेत बसलेला नव्हता. चित्र उजेडानेच काढावं असा त्याने ध्यास घेतला. तांब्यावर कोरीवकाम करणारे कारागीर आम्लापासून धातू वाचवण्यासाठी डांबराचा लेप पूर्वीपासून देत असत. हे डांबर उन्हात राहिलं की सहज विरघळेनासं होतं. कारागिराच्या दृष्टीने ही कटकट होती. निएप्सने तिचाच उपयोग करून घेतला.

त्याची कृती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मृत समुद्राकडचं डांबर, ज्याला ‘ज्यूडियाचं बिटुमेन’ म्हणत, त्याने लॅव्हेंडरच्या तेलात विरघळवलं आणि धातूच्या पत्र्यावर त्याचा पातळ थर दिला. एका जुन्या छापील चित्राच्या कागदाला तेल लावून तो पारदर्शक केला, पत्र्यावर पसरला आणि सगळं उन्हात ठेवलं. कागदाच्या कोऱ्या भागातून ऊन खाली पोचलं, तिथलं डांबर घट्ट झालं. काळ्या रेघांखाली सावली राहिली, तिथलं डांबर मऊच राहिलं. मग लॅव्हेंडर तेलाने पत्रा धुतला की रेघांच्या जागी धातू उघडा पडे. त्यावर आम्ल घातलं की रेघ खोदली जाई, शाई भरली की छापता येई. कार्डिनल द’अम्ब्वाजच्या चित्राची प्रत त्याने १८२६ साली अशी केली. त्याच सुमारास त्याने तसाच लेप दिलेला पत्रा कॅमेऱ्यात घालून खिडकीकडे रोखला. छपरं, एक झाड आणि आकाश त्यावर उमटलं. हा पत्रा आज अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात आहे आणि जगातलं सर्वांत जुनं टिकलेलं छायाचित्र म्हणून लोक तो पाहायला जातात.

पण त्या पत्र्यावर आहे तरी काय? चांदीचा क्षार नाही, रंगही नाही. उजेडाने कडक झालेला एक पातळ लेप आहे, आणि जिथे तो धुतला गेला तिथे उघडा धातू. म्हणजे पहिलं छायाचित्र हा प्रकाशाने घट्ट झालेला लेपच. पुढे छायाचित्रण चांदीच्या वाटेने गेलं आणि डांबराची वाट छापखान्याकडे वळली. सगळी युक्ती एका फरकात होती: थर कुठे घट्ट झाला आणि कुठे नाही. सगळा पत्रा सारखाच कडक झाला असता तर निएप्सने तो फेकून दिला असता.

डांबराला ऊन तासन्‌तास लागे. ते काम मिनिटांवर आणलं क्रोमियमच्या क्षारांनी. एडिंबरोच्या मंगो पाँटनने १८३९ साली पाहिलं की पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये बुडवलेला कागद उजेडात तपकिरी होतो. १८५२ साली इंग्लंडच्या टॅल्बटने डायक्रोमेट घातलेलं जिलेटिन उजेडात अविद्राव्य होतं हे धरून धातूवर कोरण्याचं पेटंट घेतलं. १८५५ साली पॅरिसच्या आल्फोन्स प्वातव्हँने त्यावरून शिळाछाप काढून दाखवला. घडतं ते असं: उजेड पडला की क्रोमियमचं रूप बदलतं आणि ते जिलेटिनच्या शेजारशेजारच्या साखळ्यांना एकत्र बांधतं. बांधलेलं जिलेटिन गरम पाण्यातही सुटत नाही. रसायन डांबरापेक्षा अगदी निराळं, पण हिशेब तोच: उजेड तिथे घट्ट, सावली तिथे मऊ.

इथे ही गोष्ट महाराष्ट्रात येते. ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख हेन्री जेम्स यांनी १८६० च्या सुमारास डायक्रोमेटच्या पद्धतीने नकाशे जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायला सुरुवात केली. या पद्धतीला फोटोझिंकोग्राफी म्हणत. ती इंग्रजी राज्याबरोबर हिंदुस्थानात आली, कारण जमीन मोजणाऱ्या सरकारला नकाशांच्या प्रती हव्या होत्या आणि प्रत्येक प्रत हाताने काढणं परवडणारं नव्हतं. मुंबई इलाख्यातल्या गावांचे जुने नकाशे पाहिले तर तळाशी पुण्याच्या सरकारी फोटोझिंको कचेरीचं नाव छापलेलं सापडतं. पुण्यातलं शासकीय फोटोझिंको मुद्रणालय आजही त्याच नावाने ओळखलं जातं. शेताच्या बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांनी तलाठ्याकडून आणलेल्या नकाशाची मूळ रेघ कधीकाळी उजेडाने घट्ट झालेल्या लेपातून उतरली असण्याची शक्यता बरीच आहे.

दुसरा दुवा दादासाहेब फाळक्यांचा. ‘राजा हरिश्चंद्र’चे कर्ते म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणासोबत ते छपाईच्या प्रक्रिया शिकले होते आणि सिनेमाकडे वळण्याआधी ब्लॉक करणं हा त्यांचा धंदा होता. लोणावळ्याला त्यांनी एनग्रेव्हिंग आणि छपाईचा कारखाना काढला, पुढे तो दादरला आला. रंगीत छपाईची यंत्रं आणायला १९०९ साली ते जर्मनीला जाऊन आले. त्याच वर्षी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला. मराठीत सचित्र मासिकांचं युग सुरू होत होतं आणि त्याला ब्लॉकमेकर हवे होते.

त्या काळचा हाफटोन ब्लॉक कसा होई? तांब्याचा पत्रा कोळशाने घासून स्वच्छ करायचा. त्यावर माशाचा सरस आणि अमोनियम डायक्रोमेटचं मिश्रण ओतून पत्रा चक्रावर फिरवायचा, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. त्यावर जाळीतून काढलेली, ठिपक्याठिपक्यांची निगेटिव्ह दाबून बसवायची आणि कार्बन-आर्कच्या लखलखत्या दिव्यासमोर धरायची. नंतर पाण्याखाली धरलं की सावलीतला सरस वाहून जातो आणि ठिपके उरतात. ते नीट दिसावेत म्हणून जांभळ्या रंगात बुडवून बघायचे. मग पत्रा आचेवर धरायचा. सरस पिवळा, मग तपकिरी होत जातो आणि काचेसारखा टणक बनतो. शेवटी फेरिक क्लोराइडमध्ये टाकला की उघडं तांबं खाल्लं जातं आणि कवचाखालचा ठिपका उंच राहतो. उंच राहिलेल्या त्या ठिपक्यांवर शाई लागून चेहरा उमटे. या कारागिरांच्या बोटांचे मात्र हाल होत. डायक्रोमेट कातडीला फार वाईट. त्याने बोटांच्या बेचक्यांत खोल, लवकर न भरणारे व्रण पडतात. आपल्या जुन्या अंकांतल्या देखण्या चित्रांमागे कोणाची तरी अशी बोटं आहेत, आणि त्यांची नावं ब्लॉकखाली सहसा छापली जात नसत.

ही विद्या पुढेही बराच काळ जिवंत राहिली. लहान गावातल्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे नायलॉनच्या जाळीवर डायक्रोमेट घातलेलं इमल्शन लावून ती ट्यूबलाइटच्या पेटीवर किंवा सरळ उन्हात धरलेली अनेकांनी पाहिली असेल. लग्नपत्रिकेवरचा गणपती त्या जाळीतून उतरतो. निएप्स तिथे आला असता तर त्याला कोणी काही समजावून सांगावं लागलं नसतं.

तोवर रसायनशास्त्रात दुसऱ्याच बाजूने तयारी होत होती. जेनामध्ये योहान रिटरने १८०१ साली वर्णपटातल्या जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काही दिसत नाही, तिथे सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळं पडतं हे पाहून अतिनील किरण शोधले होते. १८७२ साली जर्मनीत ऑयगेन बाउमान यांच्या उन्हात राहिलेल्या काचपात्रात व्हिनाइल क्लोराइड या वायूची पांढरी भुकटी झालेली आढळली. ते पीव्हीसी होतं. आज पाण्याच्या नळ्या ज्याच्या करतात तो पदार्थ असा उन्हात जन्मला, पण त्याचं काय करावं हे तेव्हा कोणाला सुचलं नाही. लहान रेणू एकमेकांना जोडून लांबलचक साखळी बनते ही कल्पनाच हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडली आणि ती मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. दिव्याचा प्रश्नही होताच. साधी काच अतिनील किरणांतला आखूड लहरींचा भाग अडवते. हानाउ इथल्या हेरेउस कंपनीत रिशार्ड क्यूख यांनी १८९९ साली स्फटिक वितळवून बुडबुडे नसलेली क्वार्ट्झची काच केली आणि काही वर्षांत त्या काचेचा पाऱ्याचा दिवा तयार झाला. ऊन बाटलीबंद करावं तसा तो दिवा होता: ढग आले, रात्र झाली तरी काम थांबणार नव्हतं.

विसाव्या शतकाच्या मध्यावर जिलेटिन आणि सरस मागे पडले. कोडॅकमध्ये लुई मिन्स्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिव्हिनाइल सिनॅमेट हा मुद्दाम घडवलेला पॉलिमर तयार केला. उजेडात त्याच्या साखळ्या शेजारच्या साखळ्यांना जोडल्या जातात. १९५० च्या दशकात तो ‘कोडॅक फोटो रेझिस्ट’ नावाने बाजारात आला, मुख्यतः छपाईच्या पत्र्यांसाठी आणि विद्युतमंडलांच्या पट्ट्यांसाठी. १९५७ साली जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेत तोच वापरून ट्रान्झिस्टरचे सूक्ष्म भाग आखले. आजच्या चिपांची आखणी ही त्याचीच संतती. त्याच दशकाच्या अखेरीस ड्यूपाँने प्रकाशाने घट्ट होणारी छपाईची प्लेट बाजारात आणली. असल्या प्लेटांनी पुढे अनेक वर्तमानपत्रांतलं वितळलेलं शिसं हद्दपार केलं. हे सगळं अजून चित्रच होतं. सावली अजूनही तितकीच महत्त्वाची होती.

सावली गाळून टाकायचा विचार १९४० च्या दशकात आकार घेऊ लागला. १९४६ साली अमेरिकेत अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या छपाईच्या शाईचं पेटंट निघालं. त्यात असंतृप्त पॉलिएस्टर आणि स्टायरीन होतं. तिथे उजेडाने चित्र उमटवायचं नव्हतं. चित्र आधीच छापलेलं होतं, उजेडाने ते फक्त वाळवायचं होतं. पण पेटंट कपाटातच राहिलं. दिवे, रसायनं आणि गरज तिन्ही कमी पडत होती.

जमलं ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीत, लाकडावर. फर्निचरच्या कारखान्यांत भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची खरबरीत पाठ भरून काढावी लागे. पॉलिएस्टरचा भराव लावला तर वाळायला वेळ जाई आणि फळ्या रांगा लावून पडून राहत. बायर कंपनीने त्यात बेंझॉइन ईथर घालून फळ्या दिव्यांखालून सोडल्या आणि भराव काही सेकंदांत घासण्याइतका टणक झाला. या शोधाची कीर्ती फारशी कोणाच्या कानावर नाही. फळीच्या रंगाखाली दडलेला भराव कोण बघतो? पण निएप्सच्या घराण्यात फांदी फुटली ती इथे. पहिल्यांदाच सगळा पृष्ठभाग सारखा कडक झाला आणि तेच हवं होतं.

बेंझॉइन ईथर करतं काय, हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. द्रवात दोन गोष्टी असतात: जोडले जायला तयार असलेले लहानमोठे रेणू, आणि अगदी थोडा, शेकड्याला दोन-चार भाग, असा पदार्थ जो किरण पडताच मधोमध तुटतो. त्याला फोटोइनिशिएटर म्हणतात. तुटलेल्या तुकड्याला एक सुटा इलेक्ट्रॉन असतो आणि तो स्वस्थ बसत नाही. तो शेजारच्या रेणूला धरतो, मग तो रेणू पुढच्याला, एका पणतीवरून दुसरी पेटावी तसं. एका तुकड्यापायी शेकडो-हजारो रेणू गुंफले जातात आणि द्रवाचं न वितळणारं जाळं होतं. प्रकाशाने रेणू असे नेमके कुठे तुटतात याचा अभ्यास केंब्रिजच्या रोनाल्ड नॉरिश यांनी १९३० च्या दशकापासून केला होता. त्यांना १९६७ साली नोबेल मिळालं, त्याच सुमारास जर्मनीतल्या फळ्या दिव्याखालून जाऊ लागल्या होत्या.

या कामातला हट्टी शत्रू म्हणजे हवा. जो ऑक्सिजन जवसाच्या तेलाला घट्ट करतो तोच इथे सुट्या तुकड्यांना पकडून साखळी तोडतो. त्यामुळे थर आतून टणक आणि वरून चिकट राहतो. पॉलिएस्टरवाल्यांनी त्यावर मेणाचा उपाय केला. द्रवात थोडं पॅराफिन असलं की घट्ट होताना ते वर येतं आणि हवेला आडवं होतं. मात्र नंतर ते घासून काढावं लागतं. पुढे अॅक्रिलेट जातीची रसायनं आली, दिव्यांची ताकद वाढवून हवेला काही करायला वेळच न देणं आलं, महागड्या कामांसाठी दिव्याखाली नायट्रोजन सोडणं आलं. अमेरिकेत जेम्स क्रिव्हेलो यांनी १९७० च्या दशकात अशी रसायनं शोधली ज्यांना ऑक्सिजनचा अडथळाच होत नाही आणि दिवा विझल्यावरही ज्यांचं जोडकाम अंधारात चालू राहतं.

पण केवळ रसायन जमलं म्हणून हा धंदा वाढला नाही. लॉस एंजेलिसवर तेव्हा धुरकट पिवळं आकाश लोंबत असे आणि लोकांचे डोळे चुरचुरत. रसायनज्ञ आरी हागेन-श्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्या आणि कारखान्यांतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनच्या वाफा सूर्यप्रकाशात नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी मिळून ओझोन तयार करतात. रंग आणि वार्निशातून उडून जाणारी विद्रावकं त्यात आलीच. १९६६ साली तिथे विद्रावकांवर बंधन घालणारा नियम आला, १९७३ साली तेलाच्या भावाचा भडका उडाला आणि विद्रावकं व थर वाळवायच्या भट्ट्या दोन्ही महागल्या. ज्या द्रवातून काही उडूनच जात नाही त्याचे दिवस अशा रीतीने आले. १९७० च्या दशकात बिअरचे अॅल्युमिनियमचे डबे, फरशा, मासिकांची मुखपृष्ठं या दिव्याखाली आली. हवेत विष बनवणाऱ्या किरणांनाच हवा स्वच्छ ठेवायच्या कामाला लावलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मग फांद्या भराभर फुटल्या. ऑप्टिकल फायबरसाठी काचेचा तंतू ओढताना तो १२५ मायक्रॉन जाडीचा, केसाएवढा असतो आणि उघडा राहिला तर धुळीच्या स्पर्शानेही ओरखडून तुटतो. त्यावर लगोलग आतून मऊ आणि बाहेरून टणक असे दोन लेप चढवून अतिनील दिव्याने घट्ट करतात, तेव्हा तो २५० मायक्रॉनचा, गुंडाळता येण्याजोगा होतो. हे मिनिटाला हजार मीटरहून अधिक वेगाने चालतं. हवेवर वाळणारा कुठलाही रंग तिथे टिकला नसता. संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत हे काम होतं. दातांच्या दवाखान्यातही हीच विद्या आहे. रॉचेस्टरच्या मायकेल ब्यूनोकोर यांनी १९७० साली दाढांच्या खाचा अतिनील किरणांनी घट्ट होणाऱ्या लेपाने बुजवल्याचं प्रसिद्ध केलं. तोंडात अतिनील किरण सोडणं बरं नव्हे आणि ते दातात फार खोल पोचतही नाहीत, म्हणून त्याच दशकात दंतवैद्यांनी डोळ्यांना दिसणाऱ्या निळ्या उजेडावर चालणारा इनिशिएटर घेतला. डॉक्टर नारिंगी पडदा धरून निळा दिवा दाबतात तो हाच. भरणं थराथराने, दोन-दोन मिलिमीटरचं करावं लागतं, कारण त्याहून खाली उजेड पुरेसा उतरत नाही.

थराथराने घट्ट करायचं हेच पुढे एका मोठ्या शोधाचं मूळ झालं. चक हल हे कॅलिफोर्नियात अतिनील दिव्यांच्या एका कंपनीत काम करत. तिथे टेबलांवर अतिनील लेपाचं टणक कवच चढवण्याचं काम होई. एक थर असा घट्ट होतो, तर त्यावर दुसरा, त्यावर तिसरा असे हजार थर का नाही, आणि प्रत्येक थर हव्या त्या आकारातच का नाही? ९ मार्च १९८३ रोजी त्यांनी द्रवाच्या भांड्यातून डोळे धुवायची एक छोटी वाटी वर काढली. तिचा प्रत्येक थर किरणाने आखलेला होता. नागोयात हिदेओ कोदामा यांनी आधीच असा प्रयोग केला होता, पण त्यांचं पेटंट पुरं झालं नाही. हल यांना ते १९८६ साली मिळालं. आज त्याला थ्रीडी प्रिंटिंगचा पहिला प्रकार म्हणतात. वंशाच्या दृष्टीने मला त्यात आणखी काही दिसतं: लाकडाच्या फळीवर जी सावली गाळून टाकली होती ती हल यांनी परत आणली. भांड्यातला जो द्रव घट्ट झाला ती वाटी, जो झाला नाही तो ओतून दिला. स्पॉट यूव्हीतही अक्षराचा आकार परततो, पण तो स्क्रीनच्या जाळीतून उतरलेला असतो, आणि ती जाळी स्वतः उजेड आणि सावलीनेच केलेली असते.

या विद्येचं मोठं वचन होतं की यातून काहीच बाहेर जात नाही. हवेच्या बाबतीत ते बहुतांशी खरं ठरलं. पण फोटोइनिशिएटरचे तुटलेले तुकडे आणि न तुटलेला काही भाग थरातच राहतो, आणि तो कायम जागच्या जागी राहतो असं नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये इटलीत बाळांच्या तयार दुधात आयटीएक्स नावाचा इनिशिएटर सापडला आणि लक्षावधी लिटर दूध जप्त झालं. खोक्यावरची छपाई बाहेरून होती. पण छापलेला पुठ्ठा गुंडाळून ठेवला की बाहेरची बाजू आतल्या बाजूला टेकते. तेवढ्या स्पर्शाने तो पदार्थ दुधाच्या बाजूला गेला होता. नखांवरच्या जेल पॉलिशमध्ये सर्रास वापरला जाणारा टीपीओ हा इनिशिएटर प्रजननाला घातक ठरवून युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केला. अॅक्रिलेटांची ॲलर्जी तर नखं रंगवणाऱ्या मुलींना आणि दंतवैद्यांना आधीपासून माहीत आहे. एकदा जडली की ती सहसा आयुष्यभर सोडत नाही. ब्लॉकमेकरच्या बोटांपासून इथपर्यंत, किंमत हातांनीच मोजली आहे.

दिवाही बदलतो आहे. पाऱ्याच्या दिव्याऐवजी एलईडी येत आहेत. त्यांना तापावं लागत नाही, बटण दाबताच ते पेटतात, ओझोनचा वास येत नाही. पण पाऱ्याच्या दिव्यातून एकाच वेळी अनेक लहरी निघत, एलईडीतून ३६५, ३८५, ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासची एकच अरुंद पट्टी निघते. पृष्ठभाग पटकन बांधणारा आखूड लहरींचा भाग त्यात नसतो, म्हणून वरचा चिकटपणा पुन्हा डोकं वर काढतो. या लांब लहरींवर चांगले चालणारे जे मोजके इनिशिएटर आहेत, त्यांतच टीपीओ येतो. त्यामुळे आता रसायनज्ञ दोन वाटांनी चालले आहेत. एक, इनिशिएटरचा रेणूच इतका मोठा करायचा, किंवा त्याला असे हात द्यायचे, की तोही जाळ्यात गुंफला जाईल आणि बाहेर निसटणार नाही. अन्नाच्या वेष्टनांसाठी अशा शाया आता मिळतात, पण महाग पडतात आणि दाटही होतात. दुसरी वाट इलेक्ट्रॉनच्या झोताची. त्याला इनिशिएटर लागतच नाही, कारण तो स्वतःच रेणू तोडतो. मात्र त्यासाठी शिशाने मढवलेलं यंत्र आणि नायट्रोजनचा सतत पुरवठा लागतो, आणि गल्लीत दोन यंत्रांवर चालणाऱ्या छापखान्याला ते झेपत नाही.